पायोग्लिटाझोनवरील इशारा रुग्णापर्यंत कधी पोहोचणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मधुमेहाच्या गोळीमुळे कर्करोग होतो, ती आजच बंद करा, अशा आशयाचा एक मजकूर सध्या मोबाइलवरून पुन्हा फिरू लागला आहे. त्यात औषधाचे नाव नाही, मात्रा नाही, धोका कोणाला आणि किती याचाही पत्ता नाही. मी नोंदणीकृत फार्मासिस्ट असून इचलकरंजीत अनेक वर्षे औषधांचे दुकान चालवते, त्यामुळे अशा मजकुराचा परिणाम मला काउंटरवर लगेच दिसतो. काही मंडळींनी परस्पर मेटफॉर्मिन बंद केले, ज्याचा या संशयाशी काहीही संबंध नाही. ज्यांच्या गोळीत ते संशयित औषध खरोखरच आहे, ते मात्र ‘आमची साधी शुगरची गोळी आहे’ म्हणून निर्धास्त आहेत. मजकूर खोटा ठरवून हात झटकावेत, तर तेही खरे होणार नाही, कारण त्यामागे एक खरी, गुंतागुंतीची आणि अजून पूर्ण न मिटलेली गोष्ट आहे. ती नीट सांगायची म्हणून हे पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागलीच, तर सरकारने २०१३ मध्ये या औषधावर घातलेल्या अटींविषयीचा भाग तेवढा कृपया ठेवावा.

हे औषध म्हणजे पायोग्लिटाझोन. जपानच्या ताकेदा कंपनीचे हे औषध अमेरिकेत १९९९ मध्ये बाजारात आले. शरीरातील पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, तेव्हा त्यांना पुन्हा प्रतिसाद द्यायला लावणे हे त्याचे काम. स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन बनवायला भाग पाडणाऱ्या गोळ्यांप्रमाणे ते एकट्याने रक्तातील साखर एकदम खाली आणत नाही, किंमत कमी आहे आणि पोट सुटलेल्या, इन्शुलिनला न जुमानणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णांना ते चांगले लागू पडते, असा अनेक डॉक्टरांचा अनुभव आहे. या कुळातील दोन भावंडांची कारकीर्द मात्र वाईट झाली. ट्रोग्लिटाझोन यकृताला घातक ठरले म्हणून अमेरिकेत २००० मध्ये मागे घेतले गेले आणि रोझिग्लिटाझोन हृदयविकाराच्या संशयावरून २०१० मध्ये युरोपात आणि भारतातही बंद झाले. उरले पायोग्लिटाझोन. त्याच्यामुळे अंगावर सूज येणे, वजन वाढणे, हृदय कमकुवत असलेल्यांना त्रास होणे, स्त्रियांची हाडे मोडण्याचे प्रमाण वाढणे हे दुष्परिणाम सर्वमान्य आहेत. वाद आहे तो मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाचा.

या संशयाची सुरुवात प्रयोगशाळेतील उंदरांपासून झाली. औषध बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या होत्या. लघवीत तयार होणाऱ्या खड्यांमुळे तसे झाले असावे आणि माणसाला ते लागू नाही, असा युक्तिवाद तेव्हा झाला. पुढे २००५ मध्ये ५,२३८ रुग्णांवरील एका मोठ्या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणी हृदयविकारासाठी होती, पण तिच्या नोंदींत औषध घेणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचे १४ रुग्ण आणि नुसती औषधविरहित गोळी घेणाऱ्यांमध्ये ६ रुग्ण निघाले. आकडे लहान होते, योगायोग म्हणून सोडून देता येण्याजोगे होते, आणि बराच काळ ते तसेच सोडले गेले.

जून २०११ मध्ये फ्रान्सने आपल्या आरोग्य विमा यंत्रणेतील सुमारे १५ लाख मधुमेहींच्या नोंदी तपासल्या. पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण २२ टक्क्यांनी अधिक दिसले आणि त्या देशाने औषधाचा वापर थांबवला. जर्मनीने नव्या रुग्णांना ते सुरू करू नये असे सांगितले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वर्षाहून अधिक काळ हे औषध घेतल्यास धोका वाढू शकतो, असा इशारा माहितीपत्रकात घालायला लावला. युरोपीय औषध संस्थेने जुलैमध्ये मधला मार्ग धरला. औषध राहील, पण ज्यांना मूत्राशयाचा कर्करोग आहे किंवा होऊन गेला आहे, आणि ज्यांच्या लघवीतून रक्त जाते पण त्याचे कारण तपासलेले नाही, त्यांना ते देऊ नये. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत समंजस वाटतो.

त्यानंतरचे संशोधन एका दिशेने गेले असते तर हा वाद केव्हाच संपला असता. ब्रिटनमधील १,१५,७२७ रुग्णांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये निघालेल्या निष्कर्षात धोका ८३ टक्क्यांनी अधिक होता आणि औषधाची एकूण पोटात गेलेली मात्रा २८,००० मिलिग्रॅमच्या वर गेलेल्यांमध्ये तो अडीचपट होता. उलट, अमेरिकेतील कॅलिफोर्नियामध्ये १,९३,०९९ रुग्णांचा जो दीर्घ अभ्यास चालला होता, त्याच्या २०१५ मधील अंतिम निष्कर्षात मूत्राशयाच्या कर्करोगाशी असा संबंध सिद्ध झाला नाही. गंमत अशी की याच अभ्यासाचे मधले आकडे २०११ मध्ये आले तेव्हा दोन वर्षांहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांमध्ये धोका ४० टक्क्यांनी जास्त दिसला होता आणि अमेरिकेचा इशारा मुख्यतः त्यावरच उभा होता. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्याच आणखी मोठ्या अभ्यासाने धोका ६३ टक्क्यांनी वाढतो असे म्हटले, रोझिग्लिटाझोनने मात्र तो वाढत नाही असेही दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पायोग्लिटाझोनला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे सगळे पाहून डिसेंबर २०१६ मध्ये इशारा कायम ठेवला आणि औषधही बाजारात राहू दिले.

दोन्ही बाजूंचे लोक यातले सोयीचे तेवढे अभ्यास उचलतात. औषध कंपनीचा प्रतिनिधी २०१५ चा अभ्यास दाखवतो आणि मोबाइलवरचा मजकूर २०१२ चा, तोही आकड्यांशिवाय. संशय कधी टिकतो तर कधी विरतोही, हे डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या, आता स्वस्त झालेल्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत दिसले. सुरुवातीच्या चाचण्यांत ते घेणाऱ्या ६,०४५ जणांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे १० रुग्ण आणि न घेणाऱ्या ३,५१२ जणांत १ रुग्ण, असे भयंकर वाटणारे प्रमाण होते. पुढे १७,१६० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्येच हे रुग्ण कमी निघाले. पायोग्लिटाझोनचा संशय पंधराहून अधिक वर्षे झाली तरी असा विरलेला नाही, आणि औषध जितका जास्त काळ, जितके जास्त घेतले तितका आकडा चढतो हे एकाहून अधिक अभ्यासांत दिसले आहे, म्हणून तो मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो.

गंभीरपणे घ्यायचा म्हणजे किती, हेही सांगायला हवे, कारण ८३ टक्के हा आकडा ऐकून शंभरातल्या ८३ जणांना कर्करोग होतो असे समजणारे सुशिक्षित ग्राहक मला भेटतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्या १ लाख लोकांमागे वर्षाला सुमारे २८ रुग्ण अधिक होतील. भारतात मुळात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच कमी असल्याने इथे हा आकडा आणखी लहान असण्याचा संभव आहे. एका माणसाच्या दृष्टीने ही जोखीम छोटी आहे. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि एवढ्या मोठ्या लोकसंख्येत लहान जोखीमही कोणाच्या तरी घरात जातेच. शिवाय ती सगळ्यांवर सारखी वाटलेली नसते. ती कोणावर जास्त पडते हे बऱ्यापैकी माहीत आहे, आणि मला नेमके त्याविषयीच लिहायचे आहे.

आपल्या सरकारने १८ जून २०१३ रोजी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६अ खाली पायोग्लिटाझोनचे उत्पादन आणि विक्री स्थगित केली. सोबत अॅनाल्जिन हे वेदनाशामक आणि नैराश्यावरचे एक मिश्र औषधही होते. ते दिवस औषध विक्रेत्यांना चांगले आठवत असतील. वितरकांनी माल परत मागवला, रुग्ण जुनी चिठ्ठी घेऊन येत आणि ‘हीच गोळी हवी’ म्हणून अडून बसत, आणि डॉक्टरांना फोन केला की तेही वैतागलेले असत, कारण चांगली साखर राखलेल्या रुग्णाला रातोरात दुसरे औषध द्यायचे होते. देशभरातील मधुमेहतज्ज्ञांनी विरोध केला. तो अगदीच अनाठायी नव्हता. इतर देशांत ४५ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देतात, आपल्याकडे बहुतेकांना १५ किंवा साडेसात, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दीड महिन्याच्या आत, ३१ जुलै २०१३ रोजी, औषध तंत्र सल्लागार मंडळाच्या शिफारशीनंतर स्थगिती उठली, पण काही अटींवर.

त्या अटी वाचण्यासारख्या आहेत. हे औषध मधुमेहावरचा पहिला उपचार म्हणून वापरू नये. मूत्राशयाचा कर्करोग असलेल्यांना किंवा होऊन गेलेल्यांना आणि लघवीतील रक्ताचे कारण न तपासलेल्यांना ते देऊ नये. सुरू करण्यापूर्वी वय, आजचे किंवा पूर्वीचे धूम्रपान, कामाच्या ठिकाणी रसायनांशी आलेला संबंध, कर्करोगावरील काही औषधे आणि ओटीपोटावर पूर्वी दिलेले किरण या गोष्टी विचारात घ्याव्यात. तीन ते सहा महिन्यांनी फायदा तपासावा आणि फायदा नसेल तर औषध थांबवावे. वयस्कर रुग्णांत विशेष सावधगिरी बाळगून कमीत कमी मात्रेने सुरुवात करावी. उत्तम अटी आहेत, एकही शब्द बदलायला नको. फक्त त्या छापायच्या कुठे? औषधासोबतच्या माहितीपत्रकात आणि कंपनीच्या प्रचार साहित्यात, ठळक लाल अक्षरांच्या चौकटीत. आणि त्या चौकटीतला मजकूर उद्देशून कोणाला आहे? आरोग्य व्यावसायिकांना. रुग्णाला उद्देशून त्यात एक ओळ नाही.

आता काउंटरवर काय होते ते पाहावे. आमच्याकडे महिन्याची पूर्ण औषधे घेणारे ग्राहक निम्मे असतील नसतील. यंत्रमागावर आठवड्याच्या पगारावर काम करणारा माणूस सात-आठ दिवसांच्या गोळ्या मागतो, आणि ते त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. आम्ही स्ट्रिप कात्रीने कापतो. नाव एकीकडे जाते, घटकांची बारीक अक्षरांतली यादी दुसरीकडे, मुदत संपण्याची तारीख तिसऱ्याच तुकड्यावर. खोका दुकानात राहतो आणि त्यातले घडी घातलेले माहितीपत्रक, जर खोक्यात असलेच तर, संध्याकाळी केराच्या डब्यात जाते. त्यावर इंग्रजीत पहिलीच ओळ अशी असते की हे पत्रक केवळ नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळा यांच्यासाठी आहे. म्हणजे ज्याच्या पोटात गोळी जाणार, त्याने वाचू नये असा जणू अलिखित नियमच. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला, याचा मला आनंद झाला होता. मोबाइल धरून पाहिल्यावर औषधाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक, तारखा आणि परवाना क्रमांक एवढेच त्यात मिळते. बनावट औषध ओळखायला ते उपयोगी आहे, पण इशाऱ्याला तिथेही जागा दिलेली नाही.

दुसरी अडचण एकत्रित गोळ्यांची. पायोग्लिटाझोन स्वतंत्र गोळी म्हणून आमच्याकडे फार थोडे जाते. जाते ते ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांच्यासोबत, तीन औषधे एका गोळीत अशा रूपात. कंपन्यांनी एकाच ब्रँडच्या नावापुढे एखाद-दुसरे अक्षर किंवा आकडा लावून दोन औषधांची, तीन औषधांची, कमी मात्रेची, जास्त मात्रेची अशी पाच-सहा भावंडे काढलेली असतात. रुग्ण ब्रँडचे पहिले नाव सांगतो, शेवटचे अक्षर त्याच्या लक्षात नसते. सरकारची अट आहे की हे पहिले औषध म्हणून देऊ नये, तरी नव्याने मधुमेह निघालेल्या माणसाच्या पहिल्याच चिठ्ठीवर तीनऔषधी गोळी लिहिलेली मी वारंवार पाहते. रोज शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला दोष देणे सोपे आहे, मी तो देणार नाही. पण एका गोळीत तीन औषधे आली की त्यातले एक बंद करण्याची वेळ आली हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. तीन-सहा महिन्यांनी फायदा तपासायचा तो कशाचा?

कमी मात्रेचा जो युक्तिवाद २०१३ मध्ये झाला, तो आता पुन्हा तपासायला हवा. ब्रिटनच्या अभ्यासातील २८,००० मिलिग्रॅमचा आकडा घेऊन कोणीही हिशेब करू शकेल. रोज ३० मिलिग्रॅम घेणारा माणूस तिथे अडीच वर्षांच्या आसपास पोहोचतो, १५ मिलिग्रॅम घेणारा पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात आणि साडेसात मिलिग्रॅम घेणारा दहा वर्षांत. परदेशातील आकडे जसेच्या तसे इथल्या शरीरांना लावता येत नाहीत, हे मान्य. परंतु आपल्याकडे मधुमेह चाळिशीत, कधी पस्तिशीतच सुरू होतो आणि एकदा लिहिलेली गोळी वर्षानुवर्षे तीच चालते. पंधरा वर्षांपूर्वीची मळलेली, चार ठिकाणी घडी पडलेली चिठ्ठी दाखवून तीच औषधे नेणारे ग्राहक प्रत्येक गावातल्या मेडिकलमध्ये आहेत. मात्रा कमी असली तरी मुदत लांब आहे, आणि कमी मात्रेचा दाखला देताना ती मुदत हिशेबात धरलेली नव्हती.

इचलकरंजीत राहून हे लिहिण्याला आणखी एक कारण आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान, आणि त्याच्या खालोखाल ज्यांची नावे घेतली जातात त्यांत रंगांच्या उद्योगातील काही रसायने आहेत. जर्मनीतील फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा कर्करोग जास्त असल्याचे दाखवून दिले होते. पुढे बेंझिडिन आणि नॅफ्थिलअमाइन ही रसायने त्याला कारण ठरली. बेंझिडिनवर आधारलेले रंग आपल्याकडे नव्वदच्या दशकात बंद झाले. पण हा रोग रसायनाशी संबंध आल्यानंतर वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनीही उगवतो. सुतावर, कापडावर रंग चढवणाऱ्या जुन्या खात्यांत ज्यांनी हातमोज्यांशिवाय रंगाच्या टाकीत हात घातले, ज्यांच्या नखांतला रंग दिवाळीलाही निघत नसे, ती माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यभर बिडी ओढली, आणि आता त्यांना मधुमेह आहे. सरकारी चौकटीत ‘कामाच्या ठिकाणी रसायनांशी आलेला संबंध’ असे जे म्हटले आहे, ते या माणसांविषयी आहे. डॉक्टरांच्या केबिनमध्ये मात्र त्यांना ‘काय करता?’ विचारले तर ते ‘काही नाही, घरीच असतो’ असे सांगतात, आणि ते खरेच असते. ‘पूर्वी काय करत होता?’ हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. सोलापूर, भिवंडी, मालेगाव इथल्या वाचकांनाही यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. रंगाच्या खात्यात काम केलेल्या प्रत्येकाला धोका आहे, असे माझे अजिबात म्हणणे नाही. अशा माणसाला आणखी एक धोका जोडण्यापूर्वी दुसरे औषध चालेल का, एवढा विचार व्हायला हवा.

या रोगाची पहिली खूण बहुतेक वेळा एकच असते. लघवी लाल होते, आणि दुखत नाही. दुखत नसल्यामुळे माणूस ते उन्हावर, बीट खाल्ल्यावर, खड्यावर ढकलतो. दोन दिवसांनी ते आपोआप थांबते आणि विषय संपतो. स्त्रियांच्या बाबतीत तर जंतुसंसर्ग समजून पुन्हा पुन्हा प्रतिजैविकांचा कोर्स दिला जातो. माझ्याकडे बायका हे बोलतात, कारण काउंटरच्या पलीकडे बाईच आहे, पण तेही दुकानात गर्दी नसेल तरच, आणि ‘लघवीची जळजळ थांबवणारी पुडी द्या’ अशा सुरुवातीनेच. जळजळ नसते, रंग बदललेला असतो, हे चार प्रश्न विचारल्यावर कळते. अशा वेळी लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून मूत्राशयाची तपासणी हाच मार्ग आहे. लवकर सापडलेली वरवरची गाठ दुर्बिणीतूनच काढता येते. म्हणून पायोग्लिटाझोन घेणाऱ्या प्रत्येकाला निदान एवढे तरी माहीत हवे की लघवी एकदा जरी लाल झाली, तरी ती पुन्हा साफ झाली म्हणून गप्प बसायचे नाही.

अमेरिकेत या औषधावरून सुमारे ९ हजार दावे झाले. २०१४ मध्ये लुइझियानातील एका खटल्यात ज्यूरीने ताकेदा आणि तिची विक्रीतील भागीदार एलाय लिली यांना मिळून ९०० कोटी डॉलरचा दंडात्मक बोजा लावला, जो न्यायाधीशांनी नंतर सुमारे ३ कोटी ७० लाखांवर आणला. २०१५ मध्ये ताकेदाने दोष मान्य न करता सुमारे २३७ कोटी डॉलर देऊन बहुतेक दावे मिटवण्याची तयारी दाखवली. आपल्याकडे नुकसानभरपाई दूरच, आपल्या गोळीत कोणते औषध होते हेच पुष्कळांना सांगता येणार नाही, आणि त्यामुळे कोणाला त्रास झाला तर त्याची नोंदही होणार नाही. नोंदीची सोय नाही असे नाही. भारतीय औषध दक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ आहे आणि रुग्णाने स्वतः भरायचा दुष्परिणामांचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. मी तो काउंटरवर ठेवते. माझ्या ओळखीच्या किती दुकानांत तो आहे, याचे उत्तर आमच्या संघटनेला फारसे भूषणावह नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. केंद्रीय औषध नियामकाने २०१३ च्या त्याच अटींतील रुग्णाच्या उपयोगाचा भाग साध्या मराठीत, हिंदीत आणि इतर भारतीय भाषांत, एका हाताच्या पंजात मावेल अशा कागदावर छापून प्रत्येक खोक्यात पुरेशा प्रतींत देण्याची सक्ती कंपन्यांना करावी, म्हणजे स्ट्रिप कापली तरी कागद हातात ठेवता येईल. स्ट्रिपवर घटकांची नावे अशी छापावीत की कुठेही कापली तरी ती वाचता येतील. क्यूआर कोडमध्ये इशाऱ्याचा मजकूर जोडावा. त्याला वेगळा खर्च जवळपास नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक दुकानात येतात तेव्हा बिले, शीतकपाट आणि फार्मासिस्ट हजर आहे की नाही, हे तपासतात. त्यांनी यापुढे एक खोका उघडून माहितीपत्रक आत आहे का आणि त्यात लाल चौकट आहे का, हेही पाहावे. डॉक्टरांना विनंती एवढीच की तीनऔषधी गोळी लिहिण्यापूर्वी बिडी, जुने काम आणि लघवीतले रक्त या तीन गोष्टी विचाराव्यात, आणि ज्यांना हे औषध अनेक वर्षे चालू आहे त्यांच्या चिठ्ठीचा एकदा फेरविचार करावा. फार्मासिस्ट म्हणून आम्ही हे प्रश्न विचारू शकतो, पण औषध बदलण्याचा अधिकार आमचा नाही आणि नसावाही.

रुग्णांसाठी एवढेच की हे पत्र वाचून कोणीही उद्या सकाळची गोळी टाकून देऊ नये. काबूत नसलेली साखर डोळे, मूत्रपिंडे आणि पाय निकामी करते, आणि ती जोखीम इथे चर्चिलेल्या जोखमीपेक्षा कितीतरी मोठी आणि अधिक खात्रीची आहे. पायोग्लिटाझोनचे फायदेही खरे आहेत. पक्षाघात होऊन गेलेल्या, इन्शुलिनला दाद न देणाऱ्या पण मधुमेह नसलेल्या ३,८७६ जणांवरील २०१६ च्या चाचणीत पुन्हा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण ते घेणाऱ्यांमध्ये ९ टक्के आणि न घेणाऱ्यांमध्ये ११.८ टक्के होते. एखाद्या रुग्णासाठी डॉक्टर विचारपूर्वक हेच औषध निवडतील आणि तेच योग्यही असेल. आपल्या स्ट्रिपवरची घटकांची यादी वाचावी, वाचता येत नसेल तर दुकानदाराला वाचायला लावावी, त्यात पायोग्लिटाझोन असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसे विचारावे, आणि लघवीतून रक्त जात असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच जावे. आपल्या दैनिकाने आरोग्यविषयक पानावर २०१३ च्या त्या अटी मराठीत जशाच्या तशा छापल्या, तर त्याचे कात्रण मी दुकानाच्या काचेवर लावीन.

आपली,
एक फार्मासिस्ट,
इचलकरंजी, जि. कोल्हापूर